कोबी, कालव आणि काका

चाकणच्या आमच्या कारखान्यासाठी मागवलेलं पॅकिंगचं मशीन इटलीत तयार होत होतं. ते तिथून हलायच्या आधी त्याची चाचणी घ्यायची, खोट निघाली तर दुरुस्त करून घ्यायची, यासाठी कंपनीने मला विचेन्झा जिल्ह्यात पाठवलं. दर चाचणीत काहीतरी नवीन निघत गेलं आणि मुक्काम लांबत गेला. इटालियन मी पुण्यात थोडंफार शिकले होते. कॉफी मागता यायची, स्टेशनचा रस्ता विचारता यायचा. पण शॉपफ्लोअरवर जे कानावर पडायचं ते पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हतं. फिटरच्या हातून पाना निसटला की तो ओरडायचा, "कालव!" इलेक्ट्रिशियनचा फ्यूज उडाला की "कोबी!" कन्व्हेयर अडकला की कोपऱ्यातून कुणीतरी काकाला डुक्कर म्हणायचं. कुणाचा काका, काही पत्ता लागत नव्हता.

मग लक्षात आलं की हा भाजी-मासळीचा बाजार फक्त माझ्यासमोर भरतो. मी पॅनेलच्या मागे वायरिंग बघत बसलेली असले आणि कुणाच्या ध्यानात नसलं, की शब्द वेगळे असायचे. सुरुवात तीच, शेपूट निराळं. अख्ख्या शेडमध्ये मी एकटी बाई, त्यात गिऱ्हाइकाकडून आलेली 'इंजे' (इंजिनिअरला तिकडे असं तोडून म्हणतात). साठीला टेकलेल्या फिटरमंडळींना बाईमाणसासमोर तोंड सोडणं बरं वाटत नव्हतं. शिवी ओठांपर्यंत यायची, तेवढ्यात मी दिसायचे आणि तिचं कालव व्हायचं. एरवी माणूस परक्या मुलखात आधी सणसणीत शिव्या शिकतो आणि मग त्या कुठे द्यायच्या नाहीत ते शिकतो. माझं सगळं उलटं झालं. मला आधी गाळून आलेलं मिळालं आणि त्यावरून मूळ माल शोधत मागे जावं लागलं.

शब्दकोशात बघितलं तर कोबीपुढे कोबीच. सहकाऱ्यांना विचारलं तर एक जण कानापर्यंत लाल झाला आणि आधीच घट्ट केलेले बोल्ट पुन्हा तपासायला लागला. शेवटी धागा मिळाला तो संध्याकाळच्या वर्गात. मी राहायचे मोन्तेक्कियो माज्जोरे या गावात. तिथून जवळ आर्झिन्यानोला चामडं कमावायचे मोठाले कारखाने आहेत, त्यामुळे त्या भागात बांगलादेशी आणि पंजाबी बरेच. परदेशी लोकांना दीर्घ मुदतीच्या निवास परवान्यासाठी ए-टू पातळीचं, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं, इटालियन यावं लागतं. ते शिकवायला प्रौढ शिक्षणाची सरकारी केंद्रं असतात, बोलीत 'चिपीआ'. मला परवाना नको होता, पण भाषा हवी होती. वर्गातल्या बाई निवृत्तीला आलेल्या, बोलायला चोख. मी कोबीचं विचारलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग फळ्यावर खडूने छान गोल गड्डा काढला, एकेक पान दाखवून. खाली लिहिलं 'काव्होलो', आणि त्याशेजारी फक्त 'का' आणि तीन टिंबं.

काव्होलो म्हणजे कोबी. ज्या शब्दाच्या जागी तो उभा असतो तो कात्सो, म्हणजे पुरुषाच्या अवयवाचं नाव. दोन्हींची सुरुवात 'का'. जीभ मूळ शब्दाकडेच निघालेली असते आणि मधेच वळते. मला गंमत वाटली ती पुढच्या कारभाराची. इटालियन माणसाने एक शब्द बदलून भागवलं नाही, अख्खं खानदान बदललं. मूर्खपणाच्या गोष्टीला मूळ शब्दावरून 'कात्साता' म्हणतात, तर सभ्य लोकांसाठी 'काव्होलाता'. भडकण्याला 'इन्कात्सार्सी', त्याचं सोवळं रूप 'इन्काव्होलार्सी', शब्दशः कोबीत शिरणं. 'माझे कोबी' म्हणजे माझं मी बघेन. 'कडू कोबी' म्हणजे आता आपली धडगत नाही. 'कोबीने!' म्हणजे अजिबात नाही, जमणार नाही. तिथल्या मॅनेजरला मी अर्ध्या किमतीत सुटे भाग मागितले तेव्हा त्याने हेच उत्तर दिलं, हसत.

याच कुळातला 'काक्कियो'. हा थोडा रांगडा, पोराबाळांसमोर काव्होलो बरा. काक्कियो म्हणजे वेलीला फुटणारा कोवळा धुमारा, आणि हा काही कल्पित अर्थ नाही. गाम्बेल्लाराच्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत. वसंतात तिथली माणसं वेलीवरच्या जादा फुटी बोटांनी खुडत जातात आणि त्या कामाला 'स्काक्कियातुरा' असं साळसूद नाव आहे. नाशिककडच्या बागायतदाराला हे काम सांगायला नको. फक्त त्याच्याकडे त्या फुटीची शिवी झालेली नाही. 'कास्पिता' आणि तिचं लाडावलेलं रूप 'कास्पितेरिना' इतकं धुऊन निघालंय की आज्या नातवाचं प्रगतिपुस्तक बघून म्हणतात. 'काप्पेरी', म्हणजे केपरच्या कळ्या, तेही असंच आश्चर्य वाटलं की. सगळे 'का'वाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सांगितलं की आमच्याकडेही एक भाजी या कामाला लावलेली आहे. मुंबई-पुण्यातली कॉलेजची पोरं दर दोन वाक्यांमागे 'भेंडी' म्हणतात, ती कुठल्या शब्दाच्या अर्ध्यावरून वळून आलीये हे मराठी वाचकाला उलगडून सांगायला नको. इटालियनांना मात्र भेंडीच माहीत नव्हती. मग गावातल्या आल्ते भागात गेले. तिथे बांगलादेशी दुकानं आहेत. पाव किलो आणली, कांदा घालून परतली आणि डब्यातून नेली. एकाने काट्याने उचलून उजेडात धरून नीट बघितली, चव घेतली आणि म्हणाला, "भाजी म्हणून ठीक आहे. शिवी म्हणून कोबी जड पडतो." मला ते पटलेलं नाही.

मी एक वही केली. पहिल्या रकान्यात ऐकलेला शब्द, दुसऱ्यात मूळ, तिसऱ्यात तो कुणासमोर चालतो ते. तिसरा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागला, कारण तिथे माझा मराठी अंदाज सपशेल निकामी होता. आपल्याकडे शिवी म्हटली की आई-बहीण आणि शरीर. तिकडे तेही आहेच, पण ते सगळं मिळून एक खण. बाईंनी फळ्यावर दोन खण आखले. एक 'पारोलाच्चा', म्हणजे वाईट शब्द, त्यात कात्सो आणि मंडळी. दुसरा 'बेस्तेम्मिया', म्हणजे देवाला, मेरीमातेला, प्रसादाच्या भाकरीला घातलेली शिवी. पहिल्या खणातला शब्द तोंडातून गेला तर लोक नाक मुरडतात. दुसऱ्यातला गेला तर काही घरांत जेवणाच्या टेबलावर सन्नाटा पसरतो. आणि मी जाऊन पडले होते व्हेनेतो प्रांतात, जो अख्ख्या इटलीत या दुसऱ्या खणासाठी बदनाम. चर्चला जाणारा, घंटा वाजली की टोपी काढणारा माणूस इथे देवाचं नाव डुकराशी आणि कुत्र्याशी जोडून स्वल्पविरामासारखं वापरतो. शेजारच्या प्रांतातले लोक यावर विनोद करतात, व्हेनेतोवाले त्या विनोदाला हसतात आणि हसता हसता आणखी एक घालतात.

कालवाचा उलगडा इथे झाला. 'ओस्तिया' म्हणजे मिस्सेत पाद्री जिभेवर ठेवतो ती पातळ चकती, ख्रिस्ताचं शरीर. लॅटिन मूळ 'होस्तिया', बळी दिलेला जीव. ती पवित्र चकती जोरात उच्चारली की झाली बेस्तेम्मिया. व्हेनिसच्या बोलीत कालवाला 'ओस्त्रेगा' म्हणतात. समुद्र जवळ, शब्द तयार, पहिली दोन अक्षरं जुळलेली. म्हणून ओस्त्रेगा, आणि जरा लाडात आलं की 'ओस्त्रेगेता', छोटंसं कालव. माझ्या म्हाताऱ्या फिटरच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलं की त्याच्या श्वासावरून ओळखायला लागले. 'ओस्त्' वर तो क्षणभर थांबायचा, डोळा फिरवून मी आहे का बघायचा, आणि मग 'रेगा' सोडायचा. त्या एका थांब्यात सगळी सभ्यता.

एकदा ही खूण कळली की रांग लागली. देवाला, ख्रिस्ताला, मेरीमातेला हात न लावता त्यांच्या अगदी जवळून जायचं, हीच सगळीकडची युक्ती. ख्रिस्तोच्या जागी 'क्रिब्बियो', ज्याला अर्थच नाही. हा लोम्बार्दीचा. पंतप्रधान राहिलेले सिल्व्हियो बेर्लुस्कोनी तो इतका वापरायचे की त्यांची नक्कल करणारा कुणीही क्रिब्बियोशिवाय पुढे जात नसे. मादोन्ना, म्हणजे मेरीमाता, तिच्या जागी 'मादोस्का'. तोस्कानामध्ये मादोन्नाच्या जागी 'मारेम्मा'. हा तिथल्या किनाऱ्यालगतचा प्रदेश, एके काळी दलदलीचा आणि हिवतापाने माणसं खाणारा, त्यामुळे त्याला शिव्या घालायला कारणही होतं आणि सुरुवातीचं 'मा'ही होतं. 'दियामिने' म्हणजे देवाला हाक मारायचा 'दोमिने' आणि सैतान 'दियाव्होलो' यांची एकाच शब्दात केलेली खिचडी. देवाऐवजी रोमन मद्यदेव बाक्कोची शपथ घेतली की 'पेर्बाक्को'. खऱ्या देवाचं नाव नको तर ज्याला आता कुणी पूजत नाही अशा देवाला पुढे करायचं, ही तोड मला फार आवडली. बिचाऱ्या बाक्कोला तक्रार करायला भक्तच उरले नाहीत.

आणि काका. देव म्हणजे 'दीओ', काका म्हणजे 'त्सीओ'. फरक एका व्यंजनाचा. ज्याला देवाला डुक्कर किंवा कुत्रा म्हणायचंय पण पाप नकोय तो काकाला म्हणतो. अर्थात हा सगळ्यात पातळ पडदा आहे, पलीकडचं सगळं दिसतं. बाई म्हणाल्या, कोबी तू कुठेही म्हण, काका मात्र घरच्या माणसांतही जपून. कारण ऐकणारा मनात मूळ शब्द पुरा करतोच. मिलानकडची तरुण पोरं एकमेकांना मित्रा या अर्थाने 'त्सीओ' म्हणतात ते निराळं, त्यात काही खोच नाही. देवाला बाजूला काढून नुसतं 'पोर्का' (डुकरीण) ठेवलं आणि पुढे काहीही निरुपद्रवी जोडलं, तर मात्र चालतं: पोर्का मिझेरिया (गरिबी), पोर्का त्रोता (ट्राउट मासा), पोर्का पालेत्ता (छोटं फावडं). हिशेबखात्यातल्या मुलीचा प्रिंटर अडकला की ती फावड्यालाच शिव्या द्यायची.

हे इतकं जपून का, याला धर्माइतकंच कायद्याचंही कारण आहे. 1930 च्या दंडविधानात कलम 724 बेस्तेम्मियासाठीच ठेवलेलं. 1995 मध्ये घटना न्यायालयाने ते छाटलं आणि फक्त देवत्वापुरतं ठेवलं. संत त्यातून सुटले. 1999 मध्ये तो गुन्हा राहिला नाही, पण दंड राहिला: 51 ते 309 युरो. म्हणजे आजही चौकात देवाला शिवी घातली तर पावती फाटू शकते. प्रत्यक्षात क्वचित फाटते, नाहीतर व्हेनेतोचं अंदाजपत्रक शिलकी असतं, असं आमचा इलेक्ट्रिशियन म्हणायचा. फुटबॉलमध्ये मात्र खरंच भोवतं. डिसेंबर 2020 मध्ये रोमाचा ब्रियान क्रिस्तान्ते बोलोन्याविरुद्ध स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू गेल्यावर जे बोलला, त्याबद्दल त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली.

व्हेनिसला मी एका रविवारी गेले ते मुद्दाम याच्या मागावर. तिथल्या प्रजासत्ताकाने 1537 मध्ये बेस्तेम्मियाविरुद्ध खास अधिकारी नेमले होते. सान झाक्कारिया चर्चच्या चौकाशी खेळ, दंगा आणि घाणेरडं बोलणं बंद असल्याची जुनी दगडी पाटी भिंतीत आहे. अक्षरं झिजलीयेत, समोर पर्यटक आइस्क्रीम खातात. त्याहून मला आवडली ती आमच्या गावाबाहेरच्या एका जुन्या खानावळीतली पत्र्याची पाटी, कडेने गंजलेली: 'सुसंस्कृत माणूस जमिनीवर थुंकत नाही आणि देवाला शिव्या देत नाही.' अशा पाट्या एके काळी दुकानांत आणि ट्राममध्ये सर्रास असायच्या. थुंकणं आणि शिवी एकाच ओळीत, दोन्ही तोंडातूनच बाहेर पडणार म्हणून असेल. आपल्या एसटी स्टँडवरच्या पाटीने अर्धंच काम हाती घेतलंय.

सगळी मृदू शिवी देवापासून पळणारी नसते, हे दक्षिणेकडच्या लोकांनी शिकवलं. प्रोग्रॅमिंग करणारा मुलगा सिसिलीचा. तो उत्तरेकडच्यांचं ऐकून कंटाळायचा आणि 'मीत्सिका' म्हणायचा. मूळ शब्द 'मिन्किया', तोच अवयव, सिसिलीचा. 'मान्नाज्जा' हा तर सगळ्या देशाचा झालाय, पण उगम दक्षिणेचा: 'माले न आज्जा', त्याचं वाईट होवो. म्हणजे शाप. 'आच्चिदेन्ती' ऐकून मला अपघात वाटला. आच्चिदेन्ते म्हणजे अचानक येणारा झटका, अर्धांगाचा. 'तुला झटका येवो' यातलं मागचं-पुढचं गळून पडलं आणि आता बस चुकली तरी बाई आच्चिदेन्ती म्हणतात. बोबडं करून 'आच्चिपिक्किया' म्हटलं की नर्सरीतही चालतं. शब्द इतका मऊ झालाय, पण आत मरण बसलंय. आमची कोकणातली आत्या येताजाता सगळ्यांना 'मेल्या' म्हणते, त्यातही दुसरं काय आहे?

एक शिवी तर नुसत्या अक्षरावर चालते. 'व्हाफ्फा'ने सुरू होणारी, कुठे जा ते सांगणारी. सभ्य लोक म्हणतात 'त्या गावाला जा', गावाचं नाव घेत नाहीत. 8 सप्टेंबर 2007 रोजी बेप्पे ग्रिल्लो या विनोदी नटाने बोलोन्याच्या चौकात राजकारण्यांविरुद्ध मोठी सभा घेतली, तिचं नाव होतं 'व्ही-डे'. दोन वर्षांनी त्याचा पक्ष निघाला, तेव्हा पक्षाच्या नावातला व्ही मुद्दाम मोठा छापला. एका अक्षरात अख्खा जाहीरनामा. मला वाटतं यापुढे मृदू करण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

आणि जुनं म्हणाल तर किती जुनं? रोमला दोन दिवस सुट्टी काढून गेले तेव्हा कोलोसियमजवळच्या सान क्लेमेन्ते चर्चच्या तळघरात उतरले. अकराव्या शतकाच्या अखेरचं भित्तिचित्र आहे तिथे. सिसिन्नियो नावाचा उमराव संत क्लेमेन्तेला बांधून ओढायला नोकरांना सांगतोय, नोकर भ्रमात पडून दगडी खांबच ओढतायत. त्याच्या तोंडचं वाक्य चित्रात रंगवलंय: 'वेश्येच्या पोरांनो, ओढा!' लोकभाषेतल्या सगळ्यात जुन्या लिखित वाक्यांतलं हे एक. चर्चच्या भिंतीवर, संताच्या गोष्टीत, न गाळता. शेजारी संताच्या तोंडी मात्र लॅटिन आहे. मी वर येऊन पोस्टकार्ड घेतलं आणि आमच्या म्हाताऱ्या फिटरला दिलं. त्याने ते टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं. तेव्हापासून मी शेडमध्ये असले तरी तो अधूनमधून न गाळता बोलायला लागला, आणि कुणी डोळे वटारले तर झाकण उघडून दाखवायचा.

शेवटी मशीन पास झालं, खोक्यांत भरून चाकणला आलं. उभारणीला तोच फिटर आला. इथे त्याला काहीही बोलायची मुभा होती, आजूबाजूला राजगुरुनगरची आणि बीडची पोरं, एकालाही इटालियन येत नाही. पण टूलबॉक्स तिकडेच राहिला होता, इथे पुन्हा आमची साहेबमंडळी उभी, आणि त्याचं कालव परत आलं. इनफीडला पाकीट आडवं पडून अडकलं की ओस्त्रेगा. दिवसाला किती वेळा ते विचारू नका. पोरांनी ऐकलं, त्यांना वाटलं या बिघाडाचं नावच ते. फिटर गेल्यानंतर महिनाभराने मेंटेनन्सच्या साहेबांनी मला ब्रेकडाऊन रजिस्टर घेऊन बोलावलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'दुसरी पाळी. इनफीडला ओस्त्रेगा. मशीन 20 मिनिटं बंद. ओस्त्रेगा काढून चालू केले.' साहेब म्हणाले, मॅडम, मॅन्युअल तीनदा चाळलं, हा फॉल्ट कुठल्या पानावर आहे? मी म्हटलं, मॅन्युअलमध्ये नाही सर, तोंडी ट्रेनिंगमध्ये होता. त्यांनी मान डोलावली आणि फॉल्टच्या यादीत पेनने भर घातली.